वायरींची वेणी

आधी कबूल करा, चहा संपेपर्यंत कुणी मधे बोलायचं नाही. अन् हसायचं असेल तर तोंडावर हसा, मागं नको. मागं हसायचं काम माझ्या बायकोनं गेली कितीतरी वर्षं एकहाती सांभाळलंय. अर्ध्या अमरावतीला तिनं सांगून टाकलंय, उरलेल्या अर्ध्या अमरावतीला तरी माझ्या तोंडून ऐकू द्या.

गोष्ट छप्पन-सत्तावन्न सालची. मी नवा वकील. नवा म्हणजे कोट नवा, दारावरची पाटी नवी, अन् पक्षकार? तेही रोज नवेच, कारण एकदा आलेला पुन्हा फिरकत नसे! घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑफिस. गल्लीत वीज नुकतीच आलेली, अन् मला विजेचा असा सोस की विचारता सोय नाही. टेबलफॅन घेतला, टेबललॅम्प घेतला, रेडिओ घेतला. आतून चहा मागवायला विजेची घंटासुद्धा बसवली. घंटा वाजली की बायको आतून ओरडायची, "हाक मारता येत नाही का?"

आता भिंतीत प्लग एकच. त्या एका प्लगातून चार वायरी निघायच्या अन् खोलीभर हिंडायच्या. येणारा पक्षकार त्यात पाय अडकून हमखास पडायचा. माझे मुन्शी मारोतराव म्हणायचे, "पडू द्या साहेब. पुढं कोर्टात पडायचंच आहे, सवय झालेली बरी."

अशात अकोल्याहून सासऱ्यांचं पत्र आलं. मामाजी म्हणजे अकोल्यातले नावाजलेले वकील. आता वय झालं, काम सोडणार होते. आपल्या जागी बसवायचं कुणाला, जावयाला की भाच्याला, एवढंच ठरवायचं बाकी होतं. त्यासाठीच ते दोन आठवड्यांनी आमच्याकडं येणार होते. समजलं ना? तीस वर्षांची जमलेली वकिली, अन् आडवा फक्त एक भाचा!

"बाबांना पसारा खपत नाही हो," बायको म्हणाली. "तुमच्या कायद्याचं काय व्हायचं ते होवो, त्या वायरी तेवढ्या आवरा. रहीमभाईंना बोलवा." रहीमभाई म्हणजे गल्लीतले वायरिंगचे मिस्त्री.

"मिस्त्री कशाले पायजे? मी बी.ए. एलएल.बी. आहे!"

"म्हणूनच म्हणते."

मग काय, पेटलो मी! रविवारी जेवण करून बाह्या वर सारल्या. चारही वायरी सरळ केल्या अन् त्यांची वेणी घातली. हो हो, वेणी! घट्ट, चौपदरी, एक पेड इकडचा तिकडं नाही. बायको दारात उभी राहून बघत होती.

"लग्नाला चार वर्षं झाली, माझ्या डोक्याला कधी कंगवा नाही लावला," ती म्हणाली. "वायरींनी नशीब काढलं बाई!"

आता ही वेणी टेबलाच्या पायाला बांधायची होती. टेबल लोखंडी, लिलावात घेतलेलं. जरा ठेंगणं होतं म्हणून पायांखाली लाकडी ठोकळे दिलेले. बायकोनं सुतळी आणून दिली. सुतळी? विजेला? हे काय तुरीचं पोतं होतं? मी रेडिओच्या एरिअलमधून उरलेली तांब्याची तार काढली अन् पकडीनं पिळून पिळून करकचून बांधली. वायरी त्या काळच्या, वरून कापडाचं वेष्टण, तेही जुनं झालेलं. पण तार काय चकाकत होती! मी तीनदा दारात जाऊन लांबून बघून आलो.

दुसऱ्याच दिवशी नांदगाव खंडेश्वरकडचे एक पाटील आले. आता जरा नीट ऐका. दिवस उन्हाळ्याचे. गारव्यासाठी बायको ऑफिसच्या फरशीवर पाणी मारायची. माझा पायजमा भिजू नये म्हणून माझे पाय लाकडी पाटावर. मारोतराव कोपऱ्यात आपल्या लाकडी पेटीवर. पक्षकार मात्र वहाणा दारात काढून यायचा अन् ओल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवून बसायचा.

पाटलांचं भांडण धुऱ्याचं. यांनी शेताचा बांध सरकवला, असं शेजारी म्हणत होता.

"खोटा बोलून राह्यला जी तो," पाटील म्हणाले. माणूस थाप मारताना कसा जवळीक दाखवतो बघा, पाटील पुढं वाकले अन् टेबलावर हात ठेवला. "मी धुऱ्याले हातबी… अय माय वो!"

पाटील टुणकन उभे! मी चष्म्यातून रोखून बघत होतो. साक्षीदाराकडं असं बघायचं म्हणून आरशासमोर घोटलेली नजर होती ती.

"काय झालं, पाटील?"

"काई नाही जी." बसले. पुन्हा तोच हात. "मी धुरा नाही… अय बाप्पा! सरकवला! दोन हात सरकवला साहेब, पण मले सोडा!"

मी कुठं धरलं होतं त्यांना? मला वाटलं, नजरेनं धरलं!

मंगळवारी एकजण आला. शेजाऱ्याची बकरी आपण पाहिलीसुद्धा नाही म्हणाला, टेबलाला हात लागला अन् ओरडला, "खाल्ली जी! होळीले खाल्ली!" बुधवारी आणखी एक असाच. मी तर हवेत! बाररूममध्ये जाऊन सांगितलं, "माझ्यासमोर खोटं टिकतच नाही. डोळ्यांतच आहे काहीतरी." एक म्हातारे वकील पानाला चुना लावत म्हणाले, "अरे, पक्षकार खरं बोलायला लागला तर वकील जेवेल काय?" पण यशस्वी माणसावर लोक जळतातच, नाही का?

मारोतराव हळूच म्हणाले, "साहेब, लोक तुमाले नाही भेत. ते टेबलाले भेऊन राह्यले."

"मारोतराव, तुम्हाला मानसशास्त्र कळत नाही," मी त्यांना गप्प केलं.

आठवड्यात गावभर झालं की या वकिलाच्या टेबलात देव आहे. एक बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली. "खटला नाही जी. याले फक्त टेबलाले हात लावू द्या. बजारात कोनासंग हिंडत होता, ते कयते मले." कुणीतरी टेबलावर नारळ ठेवून गेलं. खरे पक्षकार मात्र यायचे बंद झाले. माझं घर आलं की लोक रस्त्याच्या पलीकडून जायचे, अन् मी म्हणायचो, बघा, केवढा दरारा!

अन् मामाजी आले. बायकोनं पाय धुवायला पाणी दिलं. पाय धुऊन ते तसेच अनवाणी ऑफिसात आले. वायरींची वेणी बघितली. "वा! शिस्त आहे," म्हणाले. माझी छाती अशी फुगली की कोटाचं बटण तुटायचंच राहिलं. "तुमच्या नजरेचं कौतुक अकोल्यापर्यंत आलंय, जावईबापू." ते पक्षकाराच्या खुर्चीवर बसले. बायको चहा घेऊन आली. खिडकीत देव बघायला आलेली पाच-सहा माणसं रोजच्यासारखी उभीच होती.

"मी ठरवलंय," मामाजी म्हणाले. "काम तुमच्याच हाती द्यायचं." मग पुढं वाकले अन् दोन्ही हात टेबलावर टेकवले. "खरं सांगतो, तुमच्या हुशारीबद्दल मला कधी शंकाच… आई आई गं!"

बायको कप घेऊन दोन पावलं मागं सरली.

"बुढा खोटं बोलला वो!" खिडकीतून एक म्हातारी म्हणाली.

"नाही हो!" मामाजी उठायला गेले, तेही टेबलाचाच आधार घेऊन. "मी तर लग्नातच म्हणालो होतो, मुलगा हुशार… अगं आई गं!" अन् मग ते कडाडले, "करंट आहे! टेबलात करंट आहे! कुणी केलं हे वायरिंग?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तीस वर्षांची वकिली डोळ्यांसमोरून अकोल्याला परत निघाली होती हो! मी घाईघाईनं पाटावरून उतरलो, ओल्या फरशीवर पाय दिला, टेबलावर हात आपटून म्हणालो, "मी नाही! रहीमभाईंनी के… अय माय! मी! मी केलं! मीच केलं!"

मारोतरावांनी धावत जाऊन प्लग उपटला. मामाजींनी वाकून बघितलं. तांब्याची तार जुन्या वेष्टणातून आत रुतून बसली होती, अन् वीज सरळ टेबलात उतरत होती. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, हेच नशीब.

"म्हणजे माझी नजर…?" मी विचारलं.

"नजर कसली? तार!" बायको म्हणाली.

मामाजींनी चहासुद्धा घेतला नाही. दारात वहाणा घालता घालता वळून माझ्याकडं बघितलं. खरं सांगतो, तशी नजर मला जन्मात जमली नसती.

"जावईबापू," ते म्हणाले, "वायरी चुकल्या, ते मी पोटात घातलं असतं. पण वकील असून तुम्हाला एक खोटं धड बोलता येत नाही?"

काम भाच्याला गेलं.