गायकवाडांचा राखाडी

गायकवाडांनी आमच्या गाडीचं दार उघडलं आणि डॅशबोर्डकडे न बघता ॲशट्रे उपसून खिशात टाकला. आईने चौतीस वर्षं शाळेत शिकवलेलं असल्यामुळे न विचारता घेतलेली वस्तू तिला सहन होत नाही.

"तो आमचा आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. गाडीचा रंग याच्या पाठीवर शिल्लक असतो. वर दिसतोय तो उन्हाचा," गायकवाड म्हणाले.

परळला एका चाळीच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती. जुन्या गाड्यांचे डॅशबोर्ड, दारांची आतली पॅडं, हँडलं असं उन्हाने विटलेलं सगळं ते पुन्हा मूळ रंगात आणून देत. बाहेरून गाडी रंगवायला कुणी आलं तर परत पाठवत. "बाहेरचा रंग रस्त्यावरच्यांसाठी. मी आत बसणाऱ्याचं काम करतो." आधी साबणाने धुवायचं, मग बारीक पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग रंगाचे पातळ हात. दोन हातांच्या मध्ये ते स्टुलावर पेपर वाचत बसत. अजून किती वेळ, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी डॅशबोर्डकडे बोट केलं. "सुकायचंय त्याला. त्याला विचारा."

रंग ते शेडच्या दारात, दिवसाउजेडीच जुळवत. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत वाईट होतं.

गाडी बाबांनी घेतलेली. ते गेल्यावर मी चालवते आणि आई शेजारी बसते. गायकवाडांकडून ती आली तेव्हा आतलं सगळं राखाडी, मऊ, एकसारखं दिसत होतं. "बाबा असते तर चपला बाहेर काढून बसले असते," असं आई म्हणाली. तिच्याकडून हे पैकीच्या पैकी गुण होते.

पुढे दीड वर्षाने एका रविवारी सकाळी दादरला आमच्या घराची बेल वाजली. दारात गायकवाड, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पिशवी.

"तुमची गाडी चुकली आहे," ते म्हणाले.

त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षं त्यांना चाळीतल्या विहारावरचा झेंडा मळकट दिसत होता. जयंतीला नवा लावला, तोही मळकट. स्वस्तातलं कापड आणता म्हणून ते मंडळाशी भांडले. दोन बैठकांना गेले नाहीत. मग दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर चाळीत शिरले, वर बघितलं, तर झेंडा निळाभोर.

"जाऊन माफी मागितली. मग घरी येऊन वही उघडली."

वही त्यांनी पिशवीतून काढली. प्रत्येक पानावर एका गाडीचा नंबर आणि तिच्या रंगाचा बोटभर पट्टा. आमचं पान त्यांनी पुढे केलं. ॲशट्रेच्या रंगाशी जुळावा म्हणून केलेला तो राखाडी खरोखरच निळसर होता. सांगितल्यावर दिसला.

"मोतीबिंदूत निळा दिसेना. जास्त झाला तरी कळेना, मी टाकत गेलो. अशा अकरा गाड्या निघाल्या. पुन्हा करून देतो. पैशाचा विषय काढू नका."

"आम्हाला चालतोय हा रंग," आई म्हणाली.

"तुम्हाला चालतोय, मॅडम. मला दिसतोय."

"म्हणजे तुमचे डोळे चांगले झाले म्हणून आमची गाडी वाईट झाली?"

गायकवाडांनी जरा विचार केला. "हो," ते म्हणाले.

आईने चावी दिली नाही. त्यांनी चहा घेतला आणि गेले.

नंतर ते अधूनमधून येत. मागायला नाही, कळवायला. माझगावच्या एका माणसाला हा चोरीचा नवा प्रकार वाटला. त्याने सोसायटीच्या वॉचमनला बोलावलं. गायकवाडांनी वॉचमनलाही वही दाखवली. वॉचमनला पटलं, मग त्याने मालकाला पटवलं. एक गाडी विकली जाऊन चिपळूणला गेली होती. गायकवाड स्प्रे गन पिशवीत घालून एसटीने तिकडे गेले आणि दोन दिवस राहून काम करून आले. एक भंगारात निघाली होती. तीही त्यांनी शोधून काढली.

"भंगारात काय बघितलंत?" मी विचारलं.

"निळाच होता," ते म्हणाले.

शेवटचे आले तेव्हा गणपती नुकतेच होऊन गेले होते. आईने विचारलं, "आता किती राहिल्या?"

"तुमची."

आई उठली, खिळ्यावरची चावी काढून त्यांच्या हातात दिली आणि आत गेली. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. ती ओट्याशी नुसती उभी होती.

"एका मुलीचे गुण मी चुकीचे लिहिले होते," ती म्हणाली. "बेरीज चुकली. नापास झाली ती. लक्षात आलं तोपर्यंत निकाल लागून गेला होता. शीवला राहायची. पत्ता होता माझ्याकडे."

"मग?"

"मग काय. गेले नाही."

पाच दिवसांनी मी गाडी आणायला गेले. शेडमधली फळी रिकामी झाली होती, डबे पोत्यात भरलेले होते. धंदा बंद करून गायकवाड बदलापूरला मुलीकडे जाणार होते.

"आता तर चांगलं दिसतंय ना?" मी म्हटलं. "मग आत्ताच बंद कशाला?"

"ताई, दिसत नव्हतं तेव्हा मला कळलंच नाही. पुढच्या वेळी तरी कळेल, असं कशावरून?"

ॲशट्रे त्यांनी पुसून जागेवर बसवला होता. मी बसल्यावर गाडीचं दार त्यांनीच लावलं, हलक्या हाताने, कोपऱ्यात अजून ओल आहे असं सांगून.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन शिवाजी पार्कला निघाले. तिने पिशवी मांडीवर घेतली, डॅशबोर्डवरून हात फिरवला, चष्मा लावून दाराचं पॅड बघितलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. सिग्नल लागला. "मला तो निळसर जास्त आवडायचा."

"मग त्यांना सांगायचं नाही का?"

"त्यांना कशाला सांगायचं?" आई म्हणाली. "त्यांचं बरोबर होतं."