आयगिलचा स्वच्छ जाळ

आयगिल थ्राने धुराडी साफ करायचा. बेचाळीस वर्षं त्याने तेच केलं. एल्मेवाय ही त्याची गल्ली आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये असं एक घर नव्हतं की ज्याच्या छपरावर तो चढला नाही, आणि असा एक माणूस नव्हता की ज्याला त्याने अक्कल शिकवली नाही. काळा कोट, पितळी बटणं, खांद्यावर तारेच्या ब्रशचं वेटोळं. रस्त्यात दिसला की बायका त्याच्या बाहीला हात लावून घ्यायच्या, कारण धुराडेवाल्याला शिवलं की वर्ष चांगलं जातं. नाताळ सोडला तर चर्चची पायरी न चढणारी माणसं ही, पण काजळीवर केवढी श्रद्धा. आयगिलही मोठ्या ऐटीत बाही पुढे करायचा.

त्याचा बापही हेच करायचा. एकसष्टाव्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेला. घरच्यांनी खापर सिगारवर फोडलं. सिगार तो वर्षातून दोनदा ओढायचा, एकदा नाताळात आणि एकदा स्वतःच्या वाढदिवसाला. पण खापर कुठेतरी फोडायला हवं होतं, आणि ज्या धंद्यावर घर चाललं त्याच्यावर कोण फोडणार?

तर आयगिलची शिकवण. लाकूड दोन वर्षं वाळलेलं हवं. मोठे ओंडके खाली, बारीक ढलप्या वर, आणि काडी लावायची ती वरून. शेगडीत हवा सोडणारी खिटी पूर्ण उघडी. मग बाहेर अंगणात जायचं आणि आपल्या धुराड्याकडे बघायचं. "काही दिसलं तर तू गाढव आहेस," आयगिल सांगायचा, "कारण चांगल्या जाळाला धूर नसतो." हे त्याने नगराध्यक्षाच्या बायकोलाही ह्याच शब्दांत सांगितलं होतं, आणि तिने ते हसून ऐकून घेतलं होतं, कारण बाहीला हात लावायचा होता.

आता ह्या लोकांचं काय सांगावं. कचऱ्याचे दहा डबे ठेवतील, दुधाच्या खोक्याचं झाकण वेगळं टाकतील, पावसात सायकल हाणत कामाला जातील आणि विमानाने सुट्टीला गेले तर आठवडाभर तोंड लपवतील. आणि नोव्हेंबर आला, दुपारी चारला अंधारलं, की हीच मंडळी लोखंडी शेगडीत लाकडं कोंबणार, खिडकीत मेणबत्त्या लावणार, लोकरीचे मोजे चढवून बसणार आणि एकमेकांना सांगणार की कसं ऊबदार वाटतंय. प्रत्येकाच्या घरात नळाने गरम पाणी येतं, भिंतीत तापणाऱ्या पट्ट्या आहेत. थंडीने कुणी मरत नाही. तरी जाळायचं. झाडाने वाढताना हवेतून जे घेतलं तेच जळताना परत दिलं, म्हणजे फिट्टंफाट, असं वर सांगायचं. नाकाने कांदे सोलायचे, आणि त्या नाकात काय जातंय ते बघायचं नाही.

आयगिलच्या शेजारी राहायचा आस्गर होल्मबू. शाळेत भूगोल शिकवायचा, कोबी लावायचा, आणि हिवाळ्यात मिळेल ते जाळायचा. ओली फांदी, मोडकं कुंपण, रंग दिलेली खिडकीची चौकट. त्याच्या धुराड्यातून पिवळट धूर निघून सरळ आयगिलच्या अंगणात उतरायचा आणि तिथेच मुक्काम करायचा. आयगिल कुंपणाशी उभा राहून बोटं मोडायचा.

"आस्गर, तुला काय विष पेरायचंय का इथे?"

"अरे, लाकूडच आहे ते."

"लाकूड? त्याच्यावरचा हिरवा रंग मला इथून दिसतोय. मुलांना भूगोल शिकवतोस ना? मग वारा कुठून कुठे वाहतो ते ठाऊक असेल तुला."

हे नुसतं भांडण नव्हतं. आयगिलची बायको युट्टे हिचा श्वास कमी कमी होत चालला होता. सिगारेटला तिने जन्मात हात लावला नव्हता, आणि तरी सहा हिवाळे ती खोकत होती. आधी जिना चढताना थांबायची, मग सपाटीवर थांबायला लागली. चर्चच्या गायनमंडळात ती एकतीस वर्षं खालच्या पट्टीत गायची. मागच्या नाताळात तिने नुसते ओठ हलवले, आवाज काढलाच नाही, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही ह्याचं तिला जास्त वाईट वाटलं. घरी येऊन ती म्हणाली, "पुढच्या नाताळात गायला नाही आलं तर मी मंडळ सोडते. खोटं उभं राहायचं नाही मला." आयगिलने तिचा हात धरला आणि शपथ घेतली की त्या धूरवाल्याला सरळ करतो.

डॉक्टरीण सिसेल तरुण होती, पण कामाला चोख. युट्टेला नळीत फुंकायला लावलं, आकडा पाहिला, पुन्हा फुंकायला लावलं. फुप्फुस निम्म्यावर आलं होतं. "घरात काही जाळता का?" तिने विचारलं.

युट्टेने तोंड उघडायच्या आत आयगिल बोलला. "आमच्याकडे धूर नाही. मी धुराडेवाला आहे, बाई. धूर शेजाऱ्याचा आहे."

सिसेलने कागदावर शेजारी असं लिहिलं. मग पेन ठेवून म्हणाली, "दिसणारा धूर त्यातल्या त्यात बरा. नाकाला झोंबतो, माणूस लांब पळतो. खरी भीती बारीक कणांची. ते दिसत नाहीत, नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथून रक्तात. नुसता खोकला नाही, हृदयालाही धक्का बसतो."

"तेच तर," आयगिल म्हणाला. "आस्गरला सांगायला हवं हे."

त्याने सांगितलं. एकट्याला नाही, सगळ्या गल्लीसमोर सांगितलं. घरमालकांच्या वार्षिक सभेत, जिथे दरवर्षी कुंपणाची उंची आणि कुत्र्यांची घाण ह्यावर तीन तास काथ्याकूट होतो, तिथे आयगिल उठला आणि आस्गरची खिडकीची चौकट, कुंपण आणि ओल्या फांद्या असा पाढा वाचला. "माझी बायको गुदमरतेय," तो म्हणाला, "आणि हा कोबीला कीटकनाशक मारत नाही म्हणून मिरवतो." लोक कॉफीच्या पेल्यात बघत बसले. त्यातल्या अर्ध्यांच्या घरी त्या क्षणी शेगडी पेटलेली होती. आयगिलनेच त्यांना वरून पेटवायला शिकवली होती. तेव्हा ते सगळे स्वच्छ, आणि एकटा आस्गर पापी.

आस्गर कसाही असो, निर्लज्ज नव्हता. तो काळाठिक्कर पडला. उन्हाळ्यात त्याने शेगडी काढली, धुराडं विटांनी बुजवलं, आणि एकदा कुंपणाशी येऊन युट्टेला म्हणाला, "मला कळायला हवं होतं." युट्टे म्हणाली, "चालायचंच." आयगिलने मात्र महिनाभर गल्लीत विजयी वीरासारख्या फेऱ्या मारल्या.

नोव्हेंबर आला. आस्गरच्या घरावर आता नुसतं आभाळ होतं. आयगिलने कोठारातून दोन वर्षं वाळलेलं बर्चचं लाकूड आणलं, खुटखुटीत, बोटाने वाजवलं तर टणत्कार करणारं. शेगडीजवळची खुर्ची त्याने नेहमीसारखी युट्टेला दिली, कारण ती आजारी, आणि ऊब तिला जास्त मिळायला हवी. पायावर गोधडी घातली. काचेच्या दारामागे जाळ सोनेरी जळत होता. अंगणात जाऊन त्याने धुराडं पाहिलं. काही दिसलं नाही. आत येऊन म्हणाला, "बघ आता, आठवड्याभरात मोकळी होशील."

तिसऱ्या आठवड्यात युट्टेला वेणी घालतानाही थांबावं लागायला लागलं.

आयगिलला वाटलं, दुसरा कुणीतरी चोर आहे. आधी त्याने डुकरांच्या गोठ्यांवर संशय घेतला, मग हमरस्त्यावरच्या डिझेलगाड्यांवर, मग बंदरातल्या बोटीवर, आणि एक अख्खा रविवार जर्मनीवर. ह्यातलं काहीच अगदी खोटं नव्हतं. वारा खरंच तिकडून येतो आणि बरंच काही घेऊन येतो. पण जर्मनी घरमालकांच्या सभेला येत नाही, म्हणून त्याने गल्लीतच चोर पकडायचं ठरवलं. हवेतले बारीक कण मोजणारं एक यंत्र मागवलं, साबणाच्या वडीएवढं, वर आकडे दाखवणारं. साक्षीदार म्हणून आस्गरला बोलावलं. बाटलेल्याला धर्मरक्षक करायची हौस जुनीच.

दोघं दुपारभर गल्ली हिंडले. मोकळ्यावर नऊ. हमरस्त्याशी सतरा. शेवटच्या घरापाशी चव्वेचाळीस, आणि आयगिल खूश. "लिहून घे, आस्गर. नंबर सव्वीस. मी ह्या बाईला तीनदा सांगितलंय, खिटी उघडी ठेव म्हणून."

मग दोघं कॉफीसाठी घरात आले. आयगिलने यंत्र युट्टेच्या खुर्चीच्या हातावर ठेवलं. पडद्यावर एकावन्न आलं.

"मेणबत्त्या," आयगिल म्हणाला आणि चारही विझवल्या. विझताना धुराच्या चार रेघा वर गेल्या आणि आकडा सत्तर झाला. त्याने तिकडे दुर्लक्ष केलं, शेगडीशी वाकला आणि ओंडका सारायला काचेचं दार उघडलं. खोलीत काहीच दिसलं नाही. ना धूर, ना वास, फक्त गालावर छान ऊब आली. आकडा एकशे तीस झाला, दोनशे दहा झाला, दोनशे नव्वदवर जाऊन थांबला. आस्गरने कॉफीचा कप खाली ठेवला.

"आयगिल, दार लाव," तो म्हणाला.

"यंत्र बिघडलंय."

"रस्त्यावर ठीक होतं."

"बिघडलंय म्हणतोय ना. चिनी माल." आयगिलने ते उचलून मांडीवर आपटलं. अंगणात नेलं, दहा. आत आणलं, दोनशे चाळीस. पुन्हा बाहेर, दहा. पितळी बटणं लावून अर्धं आयुष्य छपरावर काढलेला माणूस उंबऱ्यात आत-बाहेर करत राहिला. त्याच्याकडे बघताना आस्गरचीच मान खाली गेली. एक शब्द लागट बोलायचा त्याला पुरेपूर हक्क होता, तो त्याने वापरला नाही. कोट घातला आणि निघून गेला.

जाळ त्याच दिवशी विझला. आयगिलने राखेवर पाणी टाकलं, आठवड्याभरात शेगडी उपटून कोठारात टाकली आणि धुराड्याचं भोक स्वतःच्या हाताने बुजवलं. गल्लीला तो काही बोलला नाही. बेचाळीस वर्षं घरोघरी जाऊन ज्यांना शिकवलं त्यांना आता कुठल्या तोंडाने सांगणार? गल्ली अजूनही वरूनच पेटवते, आणि त्याचं नाव घेऊन पेटवते.

नाताळात युट्टे गायनमंडळात उभी राहिली नाही. मागच्या बाकावर बसली, आणि पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधीच उठून घरी आली.

मार्चमध्ये सिसेलने पुन्हा फुंकायला लावलं. आकडा तोच होता. "उत्तम," ती म्हणाली. "घसरण थांबली."

"आता हळूहळू वर जाईल ना?" आयगिलने विचारलं.

"नाही. गेलं ते गेलं. आहे ते टिकवायचं."

परतीच्या वाटेवर युट्टे दर वीस पावलांवर थांबत होती. आयगिलही थांबत होता. तिसऱ्यांदा थांबल्यावर त्याला राहवलं नाही. "सहा वर्षं तू त्या शेगडीशेजारी बसलीस. तुझ्या छातीला कळत होतं ना? मग मला सांगायचं होतंस."

युट्टेने श्वास गोळा केला. तिला राग आला होता, आणि रागालाही हवा लागते, म्हणून ती थोडं थोडं बोलली.

"सांगितलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात. शेगडी पेटली की माझी छाती आवळते म्हणाले मी. तू मला खाली बसवलंस, समोर ढलप्या ठेवल्यास, आणि त्या कशा रचायच्या ते दाखवलंस. मी खोकत होते आणि तू म्हणत होतास, बघ, वरून पेटवायची. तुला एवढी खात्री होती, आयगिल, की मला वाटलं, माझ्या छातीलाच काही समजत नाही."

त्याने तिच्या कोपराला हात लावला. तिने हात सोडवून घेतला आणि पुढची वीस पावलं एकटीने चालून गेली.