शेवटची चाळीस पानं

आमच्या घरात पुस्तकांसाठी एक नियम होता. ज्याचं आधी वाचून होईल त्यानं आपलं खरं मत चिठ्ठीवर लिहायचं आणि घडी घालून शेवटच्या पानात ठेवायचं. दुसऱ्यानं स्वतःचं लिहिल्याशिवाय ती चिठ्ठी उघडायची नाही. लिहिलेलं नंतर खोडायचंही नाही. मी शाळेत शिकवत होते. माझे यजमान गुंजवण्याला भात पिकवत. तरी चिठ्ठीत बहुतेक वेळा तेच मला गप्प करत. सिनेमालाही हाच नियम. टीव्हीवर घोडेस्वारांचा एक सिनेमा पाहिला तेव्हा मी अभिनयावर अर्धं पान लिहिलं. त्यांची एकच ओळ होती: ‘एवढी घोडी पळाली, पण एकाला पण कुणी वैरण घातली न्हाई.’

ते गेले तेव्हा भोरच्या वाचनालयातली एक कादंबरी घरात होती, धरणाखाली गेलेल्या गावाची. त्यांची वाचून झाली होती, चिठ्ठी आत होती. माझी चाळीस पानं राहिली होती.

सुतकात पुस्तक हातात घेववलं नाही. माझं मन रमावं म्हणून जाऊबाईंनी मोबाईलवर एक सिनेमा लावून दिला. त्यातली नवरा गेलेली बाई दिवसभर खिडकीशी एकटी उभी असते, पडदे हलतात, बासरी वाजते. मला राग आला. आमच्याकडे सकाळपासून माणसं येत होती. ते कसे गेले हे प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं, तोवर दुसरी दारात. चहाचं पातेलं गॅसवरून उतरत नव्हतं. तो सिनेमा काढणाऱ्यानं अशा घरात एक सकाळ काढलेली नसावी. मी अर्ध्यातच मोबाईल परत दिला.

तेराव्यानंतर पुस्तक शोधलं, तर फळीवर नाही. धाकट्या दिरांना विचारलं.

“ती कादंबरी व्हय? ती दिली की परत.”

गेलेल्या माणसानं आणलेल्या वस्तू तेराव्याच्या आत ज्याच्या त्याला पोचवायच्या, अशी आमच्याकडे रीत. शेजाऱ्यांचा फवारणीचा पंप गेला, चुलतभावाची शिडी गेली. सामान आणायला भोरला गेले तेव्हा दिरांनी पुस्तकही नेलं होतं.

“दुसऱ्याची वस्तू मागं ठेवून दादा गेला असं नको, वैनी.”

“आत त्यांची चिठ्ठी होती.”

“मला काय ठावं? म्या शाळंत असताना पण पुस्तक उघडलं न्हाई,” ते म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या मोटारसायकलवर निघालो. वाचनालय बाराला बंद होतं. नसरापूर गेलं आणि कापूरहोळला मागचं चाक बसलं. पंक्चर निघेपर्यंत मी दुकानाच्या बाकड्यावर बसून एकच विचार करत होते. पुस्तक कुणी नेलं असेल, तर तो माणूस त्या कागदाचं काय करेल?

वाचनालयातल्या बाईंनी रजिस्टर पाहिलं. कुणी नेलं नव्हतं. शिवण सुटली म्हणून बाइंडिंगच्या गठ्ठ्यात ठेवलं होतं. त्यांनी सुतळी सोडली, पुस्तक काढलं, झटकलं. घडी टेबलावर पडली.

“हे टाकू ना?”

“नको. उघडूही नका,” माझा आवाज चढला. पेपर वाचणारे दोघं वळून बघायला लागले.

“आता वाचा की,” दीर म्हणाले.

“माझी चाळीस पानं राहिलीत.”

“आता? हितं?” त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. “वैनी, त्याला काय कळणारै?”

त्यांना कळणार नाही म्हणून नियम मोडायचा, मला तेच नको होतं. अकरा वाजले होते. मी घडी पुन्हा पुस्तकात ठेवली आणि वाचायला बसले. लेखक गावाला रडवतो फार, आणि रडताना सगळे शुद्ध बोलतात. दोनदा पानं गाळायचा मोह झाला. शेवटी म्हातारा मरतो, पण त्याआधी अडीच पानं बोलतो: जमिनीवर, पाण्यावर, नातवंडांवर. वाचनालयातल्या बाई किल्ल्या घेऊन उभ्या राहिल्या. मी घाईनं लिहिलं: ‘शेवट खोटा. मरताना कुणी एवढं बोलत नाही. आमच्या घरातला माणूस “मोटार बंद केली का?” एवढंच विचारून गेला.’

मग त्यांची उघडली.

‘म्हातारा मरताना लई बोलतो, मास्तरीणबाई. खोटं हाय. पण तेवढं बोलाया मिळालं तर काय वाईट?’

“काय म्हणतोय दादा?” दिरांनी हळूच विचारलं.

मी वाचून दाखवलं. त्यांनी बाहेर जाऊन गाडी चालू केली. दोन्ही चिठ्ठ्या मी पिशवीत ठेवल्या आणि पुस्तक बाईंना परत दिलं.

मी काही बोलकी बाई नाही. पण कापूरहोळपर्यंत दिरांच्या पाठीमागं बसून मी बोलत होते. तो शेवट मी कसा लिहिला असता, पाण्याची मोटार बंद केल्याचं सांगायला मी आत येईपर्यंत काय झालं होतं, सगळं. दिरांनी गाडी हळू घेतली होती.