पांढरीची माती

लेक पहिलटकरीण. सातवा महिना लागला तशी मी तिला शिरूरहून, सासरहून, घेऊन आले. बाळंतपणासाठी जुन्या घरातली मातीची खोली ठरली होती, तिथं गारवा असतो. ती यायच्या आधी मी भिंती पांढरीच्या मातीनं सारवून घेतल्या. गावाच्या कडेला जुन्या वसाहतीच्या जागी ही मऊ माती मिळते आणि भिंतीला तिच्यासारखी दुसरी नाही, असं आम्हा बायकांचं ठाम मत. मध्ये काही वर्षं तिथंच जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायची भट्टी होती. धुरानं ज्वारी करपायला लागली तशी गावानं भांडून ती बंद पाडली. धूर गेला म्हणजे पीडा गेली, असं आम्ही धरून चाललो. भट्टीचं कंपाउंड पडल्यावर आम्ही माती भरायला पाट्या घेऊन पुन्हा पांढरीवर हजर.

लेकीला मातीचे डोहाळे लागले. भिंतीवर पाणी शिंपडलं की वासानं ती उठून बसायची. माझी सारी नोकरी अंगणवाडीत गेली. गरोदर बायांना गोळ्या वाटायच्या आणि माती खाऊ नका म्हणून दटावायचं, हेच काम. घरात मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान! तिच्या वेळी मीही हीच भिंत खाल्ली होती, पण तेव्हा भट्टी नव्हती, एवढं काही माझ्या डोक्यात आलं नाही. मीच कोपऱ्यातला पोपडा काढला, तव्यावर भाजला आणि तिच्या हातावर ठेवला. भाजल्यावर जंत मरतात, हे वर शहाणपण. मग रोज दुपारी एक तुकडा, असं महिनाभर चाललं.

एक दिवस माती तपासणारी माणसं येऊन पांढरीवरचे नमुने घेऊन गेली. पुढं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं, की त्या मातीत शिसं आहे, ते भाजून जात नाही की धुऊन जात नाही, गरोदर बायांनी आणि पोरांनी लांब राहावं. मी भाकरी थापत होते. पीठ परातीत तसंच टाकून मी त्या खोलीला कुलूप लावलं. लेक दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती.

यवतला डॉक्टरांकडं रक्त दिलं, ते पुण्याला तपासायला गेलं. रिपोर्ट यायचा होता ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. लेक पोटावर हात ठेवून बसायची आणि बाळ हललं की मला हाक मारून सांगायची. रिपोर्ट आला त्या दिवशी विहीणबाईही शिरूरहून आल्या. रक्तात शिसं बरंच जास्त होतं. पोटातल्या बाळाचं काय, ते जन्मल्यावर त्याचं रक्त तपासूनच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ही माती खाल्ली कशी?

लेक पटकन म्हणाली, "मीच खायची चोरून. आईला ठाव न्हवतं."

मला वाटलं, गप्प बसावं. खरंच वाटलं. तेवढ्यात तिनं माझा हात दाबला, आणि पोटची पोर मला पाठीशी घालते आहे याची मला अशी शरम वाटली की तोंडून निघून गेलं, "खोटं बोलतीय ती. मी माझ्या हातानं भाजून दिली."

घरी येऊन विहीणबाईंनी लेकीची पिशवी भरली. मी डिंकाच्या लाडवांचा डबा आणून ठेवला, तो त्यांनी हळूच बाजूला सरकवला.

"बाळंतपण आता आमच्याकडंच," त्या म्हणाल्या. "तुम्ही या बाळ बघाया. पर येताना घरचं काय आणू नका."