मी निघून गेल्यावर

मी आज्ञा पाळली, पण हसतमुखानं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक मला आज्ञाधारक धर्मगुरू म्हणतात आणि ते मला टोचतं. गुरुदीक्षेच्या दिवशी बिशपांच्या हातांत हात देऊन मी आज्ञापालनाचं वचन दिलं, तेव्हा ते किती सोपं वाटलं होतं! ग्वाल्हेरात सात वर्षं काढल्यावर बदलीचं पत्र आलं आणि त्याच वचनाचा मला राग आला.

तो काळच उलथापालथीचा होता. संस्थान गेलं, फौज मोडली, मग नवं राज्य होऊन कचेऱ्या भोपाळला निघाल्या. महाराज बाड्याच्या चौकात रोज कुणी ना कुणी निरोप घेताना दिसे. आमच्या मिशनांचीही फेरवाटणी झाली आणि मला दूरच्या डोंगरी गावात जायला सांगितलं. नेमके तेव्हाच पठारेमामा शेवटच्या दुखण्यात होते. मूळचे नगरकडचे, संस्थानी फौजेच्या बँडमध्ये बिगुल वाजवणारे. आता बिर्लानगरच्या गिरणी वस्तीत मुलाच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. वीस वर्षांत त्यांनी कुठल्याही धर्मगुरूपुढे पापनिवेदन केलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी गुपचूप बाहेर पडायचे. मी विषय काढला की म्हणत, "फादर, ते पाप मराठीत घडलंय. हिंदीत बताता येणार नाही. सांगेन तर तुम्हालाच, पण आज नको."

ग्वाल्हेरात मराठी जाणणारा धर्मगुरू मी एकटाच. माझ्या जागी येणारे फादर केरळचे, तरुण, हिंदीसुद्धा अडखळत बोलणारे. मी बिशपांकडे आठ दिवसांची मुदत मागितली. उत्तर आलं, गुरुवारीच निघावे. बुधवारी मामांकडे गेलो, अक्षरशः हात जोडले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "जाताय ना? जा मग." मामी पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या. एक जीव देवाशी समेट न करता जाणार, आणि मी गाडी धरणार! गाडीत जपमाळ हातात घेतली खरी, पण सारा रस्ता देवाशी भांडत राहिलो, आणि रडलो.

महिन्याभरानं मामींचं पत्र आलं. मामा गेले होते. नवे फादर रोज संध्याकाळी येऊन त्यांच्या उशाशी नुसते बसत. पाचव्या दिवशी मामांनी आपणहून क्रूसाची खूण केली, मामींना बाहेर पाठवलं आणि बराच वेळ मराठीत बोलले. मामींना आत बोलावलं तेव्हा दोघांचेही डोळे भरलेले होते. फादरांनी पापक्षमा दिली होती. मग त्यांनी पवित्र तेल लावलं, ख्रिस्तप्रसाद दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी प्राण सोडला.

आदल्या रात्री मामींनी मामांना विचारलं होतं, या फादरांना तर मराठी येत नाही, मग? त्यावर मामांचं उत्तर मामींनी जसंच्या तसं लिहिलं होतं: "मी रडतोय एवढं त्यांना समझलं, बस. आपल्या फादरांना सगळंच कळलं असतं, म्हणून तर इतके साल जीभ रेटली नाही. ते मला चांगला माणूस मानायचे."

पत्र हातात धरून मी वेदीसमोर बसून राहिलो. मी नसलो तर त्यांचं कसं होणार म्हणून देवाशी भांडलो, आणि इतकी वर्षं त्यांच्या आड मीच येत होतो. त्यांच्या दफनाला मी नव्हतो, हे दुःख अजून जात नाही. पुढेही बदल्या झाल्या, प्रत्येक वेळी जीव तुटला. पण आता बदलीचं पत्र आलं की आधी गुडघे टेकतो आणि म्हणतो, प्रभू, मी इथं असल्यामुळे तुझं जे अडलं असेल, ते आता होऊ दे.