शेवंताची नाडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो अंथरुणाला खिळून होता तेव्हाही नाही. विमलला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. आता सत्तरी उलटली. सांगून काही हलकं होईल असंही वाटत नाही. खरं सांगू? हे आठवलं की मला काहीच वाटत नाही. पूर्वी वाटायचं, मग वाटेनासं झालं. आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे तुम्ही माझ्या डोळ्यांत पाणी शोधाल.

मी धनजची. वडील शाळामास्तर, थोडी शेती. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. आमच्याकडच्या मुली शिकल्याच तर मास्तरीण व्हायला शिकायच्या. मी शारीरिक शिक्षणाच्या पदवीला गेले, कारण मला पळता यायचं आणि वडिलांना त्याचं कौतुक होतं. वर्गात आम्ही सात मुली. त्यातली विमल कामरगावची, बौद्ध घरातली. वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी-शेजारी. एका डब्यातला ठेचा आम्ही खाल्लाय, एकमेकींच्या वेण्या घातल्यात. हे मुद्दाम सांगते आहे. मला काही कळत नव्हतं, असं तुम्हाला वाटू नये म्हणून.

शेवटच्या वर्षी प्रतिबंधक आरोग्याचा पेपर होता. रोग बरा करणं डॉक्टरचं काम, तो होऊच न देणं तुमचं — असं आमच्या बाई म्हणायच्या. त्या पेपरासाठी दोघीदोघींनी एकेका गावात तीन महिने जायचं. बायकांना जमवायचं, व्यायाम आणि खेळ घ्यायचे, पाणी झाकून ठेवा, चालत राहा, अशा चार गोष्टी सांगायच्या, आणि वहीत नोंदी ठेवायच्या. नाव, वय, बसल्या जागची नाडी, खेळानंतरची नाडी. बाईंनी एकच गोष्ट दहादा बजावली होती — बसल्या जागी नाडी शंभरावर गेली, किंवा ठोके चुकत असले, तर त्या बाईला खेळवायचं नाही. आधी डॉक्टर.

आम्ही कामरगाव घेतलं. विमलचं घर तिथं, माझी आत्या तिथं. मी आत्याकडे उतरले. सकाळी शाळेच्या व्हरांड्यात गावातल्या बायका यायच्या, आणि संध्याकाळी, वावरातून परतल्यावर, विहाराच्या अंगणात बौद्धपुऱ्यातल्या बायका. विमल खेळ घ्यायची. माझं अक्षर चांगलं, म्हणून नोंदी माझ्याकडे.

पहिल्या दिवशी विहारासमोर एक म्हातारी म्हणाली, "दिवसभर वाकून निंदून राह्यलो आमी, अन् आता तुमी अजून व्यायाम सांगता?" सगळ्या हसल्या. विमलही हसली. ती म्हणाली, "माय, ते काम दुसऱ्याचं हाये. हा खेळ तुयासाठी हाये." दुसऱ्या दिवशी ती म्हातारी लेझीम घेऊन पुढच्या रांगेत उभी होती. विमलला हे यायचं. मला कधी आलं नाही.

आत्या वाईट नव्हती. पहिल्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा चुलीपुढून उठली नाही, नुसतं म्हणाली, "विमल चांगली पोरगी हाये, मी काई म्हणत नाही. पण तिकडं जाऊन कोणाकोणाचे हात धरत बसू नको. लोक पाह्यते. अन् आली की आंघोळ करजो, मंग घरात ये."

मी काय म्हणाले असेन? नुसती मान हलवली.

आता मला तिथं यायला हवं, जिथं मी इतकी वर्षं येत नाही. विहाराच्या अंगणाला लागूनच वावराची वाट होती. आत्याच्या गल्लीतले दोघंतिघं बैल घेऊन त्याच वाटेनं परतत. थांबून बघत. मी पायऱ्यांवर वही घेऊन बसायची, विमल पलीकडे पाठमोरी लेझीम घेत असायची, आणि एकेक बाई माझ्यासमोर येऊन बसायची. हात मांडीवर ठेवा, बोलू नका, असं मी सांगायची. मग घड्याळाकडे बघायची, ओठ हलवायची — आणि आकडा लिहायची.

हात मी धरलाच नाही. एकीचाही नाही. पूर्ण तीन महिने.

सकाळच्या बायकांची मनगटं धरून मी नीट मोजलेलं असायचं, त्यामुळे आकडे कसे दिसतात ते माहीत होतं. नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची असते, म्हणून आकडा सम हवा — एवढं भान मला होतं. बहात्तर. अठ्ठ्याहत्तर. चौऱ्याहत्तर. खेळानंतर एकशे दहा, एकशे सोळा. जरा वयस्क बाई असली की चार वाढवायचे. हे सगळं आत्याच्या धाकानं केलं असं म्हणावं का? सोपं आहे म्हणायला. पण आत्या तिथं नव्हती. बैलवाले रोज नव्हते. ज्या दिवशी वाटेवर कुणीच नसायचं त्या दिवशीही माझा हात पुढे गेला नाही. तेव्हा ते आत्याचं होतं की माझं? मी फार शोधलं नाही. सापडलं असतं, म्हणूनच.

शेवंता तेविसेक वर्षांची असेल. दोन लेकरं, मोठी मुलगी चार वर्षांची. माहेर-सासर गावातच; विमलच्या घराला लागून घर, लहानपणी दोघी एकत्र खेळलेल्या. अंगानं काटकुळी, पण पळायला लागली की गंमत वाटायची बघायला. धाप मात्र लवकर लागायची. ती मधेच बसायची, हसायची, पुन्हा उठायची.

दुसऱ्या महिन्यात एक दिवस ती माझ्यासमोर बसली आणि हात मांडीवर न ठेवता तिनं तो माझ्यापुढे केला. मनगट वर करून. म्हणाली, "ताई, चढाव चढली का छातीत लय धडधड होते. धरून पाहा बरं." मी घड्याळाकडे बघत राहिले. ती म्हणाली, "कारंज्याचा डॉक्टर तं हात धरून पाह्यते."

मी म्हणाले, "आमची पद्धत वेगळी आहे."

तिनं हात मागे घेतला. काहून, असं विचारलं नाही. माझ्याकडे जरा वेळ बघितलं फक्त. तिला कळलं होतं असं मला वाटतं. मी वहीत शहात्तर लिहिलं, शेजारी लिहिलं — ठोके नियमित. ते लिहायची गरजही नव्हती. इतर कुणाच्या नावापुढे मी ते लिहिलेलं नाही.

शेवटच्या दिवशी शाळेच्या मैदानावर समारंभ होता. आमच्या बाई आल्या होत्या, सरपंच आले होते. दोन्हीकडच्या बायका पहिल्यांदाच एका मैदानावर खेळणार होत्या. ते विमलनं जमवलं होतं, दारोदार फिरून. मैदानाची एक फेरी, अशी शर्यत. शेवंता पुढे होती. पदर खोचलेला, हसत होती. मग तिचा वेग कमी झाला, ती झेंड्याच्या खांबाला धरून उभी राहिली, खाली बसली, आणि आडवी झाली. लोकांना वाटलं, दमली. विमल आधी पोहोचली.

जीपमध्ये घालून कारंज्याला नेलं. तिचं डोकं विमलच्या मांडीवर होतं. मी पायांशी बसले होते. पोहोचायच्या आधीच ती गेली.

डॉक्टरांनी तपासून विचारलं, "आधी कुणी नाडी पाहिली होती का हिची?" विमलनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "दर आठवड्याला. शहात्तर होती. नियमित." डॉक्टर म्हणाले, हिला धाप लागायची म्हणता, म्हणून हृदय आधीपासून आजारी असेल असं वाटलं खरं, पण नाडी तशी असेल तर मग हे या पळापळीनंच बिघडलं असणार.

हे विमलच्या समोर म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात तिनं मला एकदाच विचारलं, "तू नीट पाह्यली होती ना?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मंग मीच मारली तिले."

तेव्हा बोलता आलं असतं. समोर ती होती, मधे कुणी नव्हतं. तिथं सांगितलं असतं तरी शेवंता परत येणार नव्हती — पण विमल तरी?

शेवंताच्या सासूनं विमलच्या दारात उभं राहून सांगितलं, "तुया नादाले लागली माई सून." विमल त्यानंतर कॉलेजात आली नाही. परीक्षेला बसली नाही. तिच्या खाटेवर दुसरी मुलगी आली. पुढे मालेगावला तिचं लग्न झालं, असं कळलं. माझी वही बाईंनी तपासली. झाल्या प्रकाराचं त्यांना वाईट वाटत होतं, पण नोंदी चोख आहेत असं त्यांनी वर्गात सांगितलं आणि ती वही सगळ्यांना बघायला दिली. मी पहिल्या वर्गात पास झाले. पुढे आयुष्यभर मुलींना शिकवलं. मनगटावर बोटं कशी ठेवायची, अंगठा का ठेवायचा नाही, ठोका कसा मोजायचा. चांगलं शिकवलं असं म्हणतात.

आणखी एक राहिलं. वीसेक वर्षांनी मालेगावच्या स्टँडवर विमल भेटली. केस पिकले होते. तिनंच ओळखलं मला, हात धरला, बाकावर बसवलं. नवरा, लेकरं, सगळं सांगितलं. मग म्हणाली, तिची धाकटी पळण्यात फार हुशार होती, शाळेतले गुरुजी घरी आले होते, पोरीला पुढे पाठवा म्हणून. "पण मी नाही पळू देल्लं तिले. रडली लय. तरी नाही देल्लं. शेवंताचं पाह्यलं ना मी." आणि माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "बरं केलं ना मी? तुले तं यातलं समजते."

माझी गाडी लागली होती. कंडक्टर ओरडत होता. तिनं अजून माझा हात धरलेला होता.

मी म्हणाले, "बरं केलंस."