भागवतचं गाठोडं

चिंचोक्याची खळ दिलेल्या नव्या घोंगडीला स्वतःचा एक वास असतो. थोडा आंबूस, थोडा तुपकट, आणि त्याखाली मेंढीच्या लोकरीचा उबदार दर्प. ज्यांना तो सोसत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही; मला तो आवडतो, एवढंच सांगते. टेंभुर्णीच्या शाळेत तीस वर्षं शिकवताना हिवाळ्यातल्या सकाळी फळ्याकडे तोंड करून उभी असले, तरी मेंढपाळांच्या वस्तीतली मुलं वर्गात आल्याचं मला त्या वासावरून कळायचं. परवा धुरपताबाईच्या घरात तोच वास दरवळला आणि मी, जी वर्गात कधी रडले नाही, पदराने डोळे पुसत बसले.

धुरपताबाई म्हणजे माझ्या भागवतची आई. भागवत चौथीत माझ्या हाताखाली होता. आज तो समुद्रापलीकडच्या एका देशात तुरुंगात आहे आणि त्याला फाशीची शिक्षा झाली आहे. हॉटेलातल्या नोकरीसाठी तो तिकडे उतरला, तेव्हा त्याच्याजवळच्या एका बॅगेच्या अस्तरात अमली पदार्थ सापडले. तिकडचा कायदा अशा माणसाला जिवंत ठेवत नाही. अपील तेवढं उरलं आहे. बातमी आली तसं गावातल्या बऱ्याच जणांनी त्या घरावरून जायची वाट बदलली. मी दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन बसले. माझ्या जाण्याला माया हे एक कारण होतं, आणि दुसरं कारण माया नव्हतं.

ते सांगायचं तर आमच्या मुलखाची एक रीत आधी सांगावी लागेल. आमच्याकडे एस.टी.ने निघालेला माणूस एकटा निघत नाही. त्याच्यासोबत गावाच्या पिशव्या निघतात. भोकरदनला चालला आहेस का, मग लेकीला एवढं लोणचं दे. जालन्याला चालला आहेस का, मग भावाला एवढं गाठोडं पोचव. देणारा आत काय आहे ते सांगत नाही आणि नेणारा विचारत नाही. दुसऱ्याची गाठ सोडून पाहणं म्हणजे त्याच्या चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उघडण्यासारखं. विश्वासाची ही केवढी सुंदर, केवढी निष्काळजी व्यवस्था! पिढ्यानपिढ्या ती चालली आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

चौथीतला भागवत वडिलांबरोबर भोकरदनच्या बाजाराला निघाला होता. मी त्याच्याजवळ माझ्या बहिणीसाठी पुरणपोळ्यांचा डबा फडक्यात बांधून दिला. वाटेत गाडी बंद पडली, बापलेक दुपारभर उपाशी बसले, आणि डबा जशाच्या तशा गाठीसह बहिणीकडे पोचला. दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्गापुढे उभं केलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, दुसऱ्याची गाठ सोडायची नाही, हे याच्याकडून शिका. वीस वर्षांनी मुंबईच्या एका लॉजवर, शेजारच्या खाटेवरच्या गोड बोलणाऱ्या माणसाने आपल्या बहिणीसाठी म्हणून कुलूप लावलेली बॅग पुढे केली, तेव्हा भागवतने ती घेतली. विमानात न्यायच्या सामानाचं वजन जास्त व्हायला लागलं, तर गड्याने काय करावं? आईने दिलेली घोंगडी आणि दोन कपडे गाठोड्यात बांधून, गावाकडे परतणाऱ्या एकाबरोबर घरी पाठवून दिले. परक्याची बॅग नेली आणि स्वतःचं गाठोडं मागे ठेवलं. त्याच्या या वेडेपणावर मी चिडते, रागावते, आणि मग आठवतं, टाळ्या मीच वाजवायला लावल्या होत्या.

खालच्या कोर्टात तो बिचारा ‘मला माहीत नव्हतं’ एवढंच म्हणत राहिला. अपिलासाठी मात्र एक नेटाची वकीलबाई मिळाली. दुभाष्या घेऊन ती त्याच्यापुढे तासन्‌तास बसली आणि एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिली: त्या माणसाने तुला काही लिहून दिलं होतं का? तेव्हा कुठे भागवतला आठवलं. एक चिठ्ठी होती. नंबर त्याने फोनमध्ये उतरवून घेतला आणि चिठ्ठी निळ्या सदऱ्याच्या खिशात राहिली. सदरा गाठोड्यात. गाठोडं आईजवळ. वकीलबाईंचा निरोप माझ्या मोबाइलवर आला आणि मी चपला न शोधता निघाले.

गाठोडं कोनाड्यात होतं. आलं तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, तिथेच. धुरपताबाई त्याच्यावरची धूळ रोज झटकत असे. गाठीला तिने बोट लावलं नव्हतं. मी सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“न्हाई बाई. त्यानं बांधून धाडलंय, तो आला की सोडील. माझ्या हातून व्हायचं न्हाई.”

त्याने यावं म्हणूनच सोडायचं आहे, असं मी परोपरीने सांगितलं. आवाज चढवला. शेवटी हात जोडले. ती चहा ठेवायला उठली. माझं अर्धं आयुष्य मुलांना शिस्त लावण्यात गेलं. आता त्याच शिस्तीपुढे मी हरून बसले होते.

तुरुंगातून महिन्याला एक फोन येतो, माझ्याच मोबाइलवर. पुढच्या फोनच्या दिवशी मी तो धुरपताबाईच्या खाटेवर ठेवला आणि आवाज मोठा केला. भागवतला वकीलबाईंनी सांगितलंच होतं.

“आई, गाठोडं सोड. माझंच हाये ते, मी सांगून राह्यलो.”

धुरपताबाई उठली, कोनाड्यातून गाठोडं काढलं आणि फोनसमोर मांडून बसली.

“तुझं हाये ना? मंग तू फोनवरच राहा. तुझ्यादेखत सोडते.”

गाठ घट्ट होती. तिने नखांनी, मग दातांनी ओढली. कापड उलगडलं, आणि दोन वर्षं कोंडलेला तो वास एकदम घरभर झाला. मग फोनमधून हळूच आवाज आला.

“आई, वास येऊन राह्यला का गं?”

“येऊन राह्यलाय, बापू.”

“बराबर. मंग खाली निळा सदरा आसंल.”

चिठ्ठी होती. ठसठशीत अक्षरात घेणाऱ्या बाईचं नाव, नंबर, आणि खाली एक ओळ: ‘बॅग उघडू नये, किल्ली ताईकडे आहे.’ भागवतला हे लिहून बजावायची काय गरज होती? पण तीच ओळ आता त्याच्या बाजूने बोलते आहे. वकीलबाईंनी फोटो पाहून लगेच कळवलं की अपिलात हा कागद दाखल होईल. अस्सल चिठ्ठी पाठवा. मी ती पाठवली, सोबत माझं पत्र जोडलं. त्यात आमची रीत लिहिली, डब्याची गोष्ट लिहिली, आणि वाजवलेल्या टाळ्याही लिहिल्या. न्यायाधीशांना एवढंच विचारलं की माझ्या शिकवणीची शिक्षा या मुलाच्या गळ्याला का?

पाकीट पाठवून परतताना भोकरदनच्या स्टँडवर एका बाईने टेंभुर्णीला पोचवायला पिशवी पुढे केली. आयुष्यात पहिल्यांदा मी विचारलं, काय आहे यात? ती गोंधळली, पण तिने गाठ सोडून दाखवली. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू. मी पिशवी घेतली, पोचवली. आमच्या रीतीचं काही कमी झालं असं मला वाटलं नाही.

फाशी टळेल, असं माझं मन ठामपणे सांगतं. ती टळली तरी तो लगेच घरी येणार नाही, वर्षं जातील, हेही मला कळतं. त्या दिवशी फोन बंद झाल्यावर मी हे धुरपताबाईला जपून सांगायला गेले. ती तेव्हा घोंगडी तिच्या जुन्याच घड्यांवर दुमडत होती, वास उडून जायच्या आत. गाठ मारली, ओढून पाहिली आणि गाठोडं कोनाड्यात ठेवलं.

“जाऊ द्या वर्षं,” ती म्हणाली. “घोंगडी लई दम धरती, बाई.”